डिस्ट्रिक्ट विचारतो, पण विचारात घेतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून कॅलिफोर्नियातल्या बे एरियात येऊन आठ महिने झाले, मुलगी दुसरीत आहे, आणि शाळेकडून नाहीतर डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून, दर आठवड्याला काहीतरी येत असतं. सर्व्हे भरा, प्रिन्सिपलबरोबर कॉफीला या, ई-लॅकची (इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या समितीची) मीटिंग आहे, एल-कॅपवर (डिस्ट्रिक्टच्या खर्चाच्या आराखड्यावर) मत नोंदवा. आपल्यासारख्यांचं तिथे खरंच कोणी ऐकतं का, की कागद पूर्ण व्हावेत म्हणून बोलावतात? आणि एवढ्या भाषांची माणसं असताना हे लोक सगळ्यांशी बोलतात तरी कसे?

कागद पूर्ण व्हावेत म्हणूनच बोलावतात. पण ते कागद पूर्ण करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि पालकांच्या हातात जी काही ताकद आहे ती बरीचशी त्या कागदांतच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बे एरियातल्याच एका डिस्ट्रिक्टमध्ये चौदा वर्षं कम्युनिटी लिएझन, म्हणजे शाळा आणि पालक यांच्यातला दुवा, म्हणून काम केलं. हुद्दा फार मोठा नाही. ऑफिसच्या काउंटरमागे एक टेबल, एक फोन, आणि दिवसातून दहा वेळा कोणीतरी डोकावून सांगणार, 'बाहेर एक आजी आल्यात, तुझी भाषा वाटते.' माझी भाषा म्हणजे कधी मराठी, बहुतेक वेळा तेलुगू किंवा पंजाबी, एकदा तर नेपाळी. आजी मात्र कुठल्याही भाषेच्या असोत, साडीतलं माणूस समोर दिसलं की निम्म्या शांत व्हायच्या. (मी साडी मुद्दाम नेसायचे. ड्रेस कोडमध्ये काही लिहिलेलं नव्हतं.)

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग नव्हे. तो महापालिकेच्या हाताखाली नसतो, त्याच्या हद्दी शहराच्या हद्दींशी जुळतीलच असं नाही, आणि त्याला स्वतःचं निवडून आलेलं बोर्ड असतं, साधारण पाच किंवा सात जणांचं, चार वर्षांच्या मुदतीचं. कॅलिफोर्नियात असे नऊशेच्या वर डिस्ट्रिक्ट आहेत. एकट्या सॅन होजे शहरात डझनाहून जास्त. त्यामुळे ऑफिसातल्या मैत्रिणीने 'आमच्याकडे असं असतं' म्हटलं तर ते तुमच्याकडे असेलच असं नाही. दोन गल्ल्या पलीकडे बोर्ड वेगळं, पैसा वेगळा, सवयी वेगळ्या.

आता पैसा. 2013 साली कॅलिफोर्नियाने शाळांना पैसे देण्याची पद्धत बदलली. प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम, आणि तीन प्रकारच्या मुलांमागे वर आणखी 20 टक्के: ज्यांच्या घरची मिळकत कमी आहे, जी इंग्रजी अजून शिकतायत, आणि जी फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारच्या देखरेखीखाली दुसऱ्यांच्या घरी, आहेत. एक मूल तिन्ही प्रकारांत बसत असलं तरी एकदाच मोजतात. अशी मुलं 55 टक्क्यांहून जास्त असली तर त्या रेषेच्या वरच्या मुलांसाठी आणखी वेगळी रक्कम मिळते. याच्या बदल्यात राज्याने अट घातली: हा पैसा कुठे आणि कसा घालणार याचा तीन वर्षांचा आराखडा करा, दरवर्षी तो सुधारा, आणि तो करताना पालकांना विचारा. तो आराखडा म्हणजे एल-कॅप. पालकांचा सहभाग हा त्यातल्या आठ प्राधान्यांपैकी एक आहे, म्हणजे 'आम्ही पालकांना बोलावलं' हे डिस्ट्रिक्टला तिथे लिहून दाखवावं लागतं. तुम्हाला येणाऱ्या निम्म्या ईमेलचं मूळ इथे आहे.

यातलं वेळापत्रक जपून ठेवा, कारण सगळी मेख तिथे आहे. गव्हर्नरचं बजेट जानेवारीत येतं, मे महिन्यात त्याची सुधारित आवृत्ती. डिस्ट्रिक्टने एल-कॅप 1 जुलैच्या आत मंजूर करायचा असतो, आणि त्याआधी एका सभेत जाहीर सुनावणी, दुसऱ्या सभेत मंजुरी असा क्रम असतो. म्हणून सुनावणी जूनमध्ये येते. आपली माणसं ती नोटीस वाचून जूनमध्ये तावातावाने जातात. तोवर आराखडा शंभराहून जास्त पानांचा होऊन बसलेला असतो आणि त्यातल्या बऱ्याच नोकऱ्यांची पत्रंसुद्धा निघालेली असतात. लग्नपत्रिका छापून झाल्यावर मुहूर्ताबद्दल मत विचारावं, तसली ती सुनावणी. खरं लिखाण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये चालतं. त्या काळात एका शाळेच्या लायब्ररीत, लहान मुलांच्या लहान खुर्च्यांवर गुडघे छातीला लावून बसलेल्या नऊ पालकांसमोर कोणीतरी विचारतं, 'दुभाष्यांवर जास्त खर्च करू की वाचनाच्या शिक्षकांवर?' मी अशा बैठकीत नऊ जणांचं म्हणणं जसंच्या तसं आराखड्यात उतरलेलं पाहिलंय. जूनच्या सभेत दोनशे माणसं येऊन एक स्वल्पविराम हललेला पाहिलेला नाही.

ई-लॅक ही त्याच साखळीतली कडी आहे. शाळेत इंग्रजी शिकणारी 21 किंवा जास्त मुलं असली की शाळेला त्यांच्या पालकांची समिती करावी लागते. डिस्ट्रिक्टमध्ये अशी 51 मुलं असली की डिस्ट्रिक्टच्या पातळीवर तशीच समिती, तिला डी-लॅक म्हणतात. या समित्यांना अधिकार काय? सल्ला देण्याचा. ऐकायला फुसकं वाटतं. पण एल-कॅपच्या मसुद्यावर डिस्ट्रिक्टच्या पातळीवरच्या पालकांच्या सल्लागार समित्यांनी जे म्हणणं मांडलं, त्याला सुपरिंटेंडेंटने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याने, लेखी उत्तर द्यावं लागतं. सर्व्हेत पाच चांदण्यांपैकी तीन रंगवल्या तर कोणी उत्तर देत नाही. समितीच्या इतिवृत्तात एक वाक्य गेलं तर द्यावं लागतं. माझ्या सगळ्या वर्षांत पालकांना मी जे शिकवलं त्यातलं सगळ्यात कामाचं हेच: मीटिंगमध्ये बोला, आणि मग मिनिट्स लिहिणाऱ्या बाईंना विचारा, 'हे लिहून घेतलंत ना?'

आता तुमच्या मुलीबद्दल, कारण तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलंय की 'होम लँग्वेज सर्व्हेत आम्ही मित्राच्या सांगण्यावरून सगळीकडे इंग्लिश लिहिलं.' हे असं सांगणारा मित्र प्रत्येकाला भेटतो.

प्रवेशाच्या वेळी तो फॉर्म चार गोष्टी विचारतो: मूल पहिल्यांदा बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत, घरी ते जास्त कुठली भाषा बोलतं, आईवडील त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलतात, आणि घरातली मोठी माणसं आपसात कुठली भाषा बोलतात. पहिल्या तिन्हींपैकी कुठेही इंग्रजी सोडून दुसरी भाषा लिहिली की तीस दिवसांच्या आत मुलाची इंग्रजीची चाचणी होते, तिचं नाव एल-पॅक. चाचणीत मूल पारंगत निघालं तर विषय तिथे संपतो. नाही निघालं तर ते इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत जातं, त्याला रोज वर्गात त्यासाठी वेगळा वेळ मिळतो, आणि दर वसंतात पुन्हा चाचणी होते, यादीतून बाहेर पडेपर्यंत. आपल्या लोकांना या यादीची लाज वाटते. इंजिनिअर आईबापांचं मूल, इंग्लिश मीडियमचं, आणि त्याला 'इंग्रजी येत नाही' असा शिक्का? मग सर्रास खोटं लिहितात. त्याचे दोन परिणाम होतात. ज्या मुलाला खरंच सहा महिने मदत हवी होती ते मागच्या बाकावर गप्प बसतं, आणि शिक्षिकेला वाटतं मूल लाजाळू आहे. दुसरं म्हणजे मूल मोजणीत येत नाही, म्हणजे ते वरचे 20 टक्के येत नाहीत, ई-लॅकची 21 ची संख्या भरत नाही, आणि शाळेच्या दफ्तरी मराठी ही भाषा अस्तित्वातच राहत नाही. पुढे दिवाळीच्या सुमारास तेच पालक विचारतात की शाळेला आमच्याबद्दल काही माहितीच कशी नाही.

उलट बाजूही सांगते, कारण भीती अगदीच निराधार नाही. प्राथमिकमध्ये या यादीने काही बिघडत नाही, पण मूल वर्षानुवर्षं तिथे अडकून मिडल स्कूलपर्यंत पोचलं तर इंग्रजीचा तो जादा तास चित्रकलेच्या किंवा बँडच्या तासावर येऊ शकतो. म्हणून खरं लिहा आणि मग दरवर्षी विचारत राहा की यादीतून बाहेर पडायला नेमकं काय कमी पडतंय. तो प्रश्न विचारणं हाही सहभागच.

असाच एक दुसरा फॉर्म आहे, मिळकतीचा. कॅलिफोर्नियात 2022-23 पासून सरकारी शाळेत सगळ्याच मुलांना जेवण मोफत आहे, मिळकत कितीही असो. फार चांगलं झालं. पण पूर्वी मोफत जेवण हवं म्हणून लोक तो फॉर्म भरायचे, आता जेवण असंच मिळतं म्हटल्यावर भरत नाहीत, आणि मोजणी तर बरीचशी त्यावरच चालते. ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या बाया फॉर्मसाठी मागे का लागतात, याचं हे कारण.

भाषांतराकडे येते. इथे डिस्ट्रिक्ट सगळ्यात जास्त पैसे घालतात आणि इथेच त्यांचं सगळ्यात जास्त हसं होतं. राज्याचा नियम असा की शाळेतल्या 15 टक्के किंवा जास्त मुलांची घरची भाषा एकच, इंग्रजी नसलेली, असेल तर घरी जाणारी प्रत्येक नोटीस त्या भाषेतही गेली पाहिजे. स्पॅनिश बहुतेक ठिकाणी ही रेषा ओलांडते, काही ठिकाणी चिनी, पूर्व सॅन होजेकडे व्हिएतनामी. मराठी ओलांडणार नाही. म्हणून वर्षानुवर्षं आपल्याला इंग्रजी कागद यायचे, आणि मग सगळीकडे अ‍ॅप आली जी आपोआप भाषांतर करतात.

एका गुरुवारची गोष्ट. कॅलिफोर्नियात 'मिनिमम डे' असतो, म्हणजे शिक्षकांच्या बैठका असल्या की शाळा दुपारी साडेबाराच्या आसपास सुटते. आमच्या डिस्ट्रिक्टने आदल्या रात्री सगळ्यांना निरोप पाठवला, ज्याच्या त्याच्या भाषेत. मराठीत तो असा पोचला: 'उद्या किमान दिवस आहे. कृपया योजना करा.' हिंदीत 'न्यूनतम दिवस'. व्याकरण चोख, एकही शब्द चुकलेला नाही, आणि अर्थ शून्य. साडेबाराला घंटा झाली. पाऊण वाजता ऑफिसच्या बाहेरच्या बाकांवर अकरा मुलं, डबे मांडीवर. तिसरीतला एक मुलगा सगळ्या लहानांना आपल्या पाण्याच्या बाटलीतून पाणी पाजत होता. मी एकेका घरी फोन लावत होते. एका आजोबांनी शांतपणे सांगितलं, 'मॅडम, मेसेज वाचला. किमान दिवस म्हणजे किमान हजेरी लागते असं समजलो. म्हणून वेळेवर सोडलं त्याला.' त्यांचं काय चुकलं?

त्या दिवसानंतर मी एक वही केली. डिस्ट्रिक्ट वर्षभरात जे चाळीसेक शब्द वापरतो, त्यांचं प्रत्येक भाषेत भाषांतर करायचं नाही, काय करायचंय ते सांगायचं. 'उद्या मुलांना दुपारी 12:30 ला न्यायला या.' वही भरायला तेलुगूसाठी एक आई आल्या, पंजाबीसाठी दुकान चालवणारे एक गृहस्थ, दरी या अफगाण भाषेसाठी जवळच्या फ्रीमॉन्ट शहरातून एक निवृत्त शिक्षक. फ्रीमॉन्टचा सेंटरव्हिल भाग अफगाण वस्तीमुळे लिटल काबूल म्हणून ओळखला जातो, तिकडून माणूस मिळणं सोपं होतं. ही वही म्हणजे माझ्या नोकरीतला एकमेव कायमचा ठेवा असावा. वरिष्ठांना तिचं विशेष काही वाटलं नाही. अ‍ॅपचे पैसे भरलेले होते.

भाषा ओळखण्यातही गंमत आहे. ओकलंडमध्ये ग्वाटेमालातून आलेली बरीच कुटुंबं माम बोलतात. ती माया भाषांपैकी एक, स्पॅनिशशी तिचा काही संबंध नाही. पण ग्वाटेमाला म्हटलं की समोर स्पॅनिश दुभाषा बसवणार, आणि समोरची बाई मान डोलावणार, कारण नाही म्हणणं तिला उद्धटपणाचं वाटतं. ओकलंडच्या शाळांनी पुढे मामचे दुभाषी घेतले. हे मी भारतीयांना मुद्दाम सांगते, कारण आपलंही तेच होतं. भारत म्हणजे हिंदी असं धरून हिंदी पत्रक येतं, आणि गुंटूरच्या आजी ते उलटंसुलटं करून बघत बसतात.

अ‍ॅप काहीही म्हणो, समोरासमोर बोलायचं असेल तर दुभाषा मागण्याला 15 टक्क्यांची अट नाही. 1964 च्या नागरी हक्क कायद्याखाली केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळेला माणसाच्या मूळ देशावरून भेदभाव करता येत नाही, आणि 1974 साली लाउ विरुद्ध निकोल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या मुलांना इंग्रजी कळत नाही त्यांना बाकीच्यांसारखंच पुस्तक आणि तोच शिक्षक दिला म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही. तो खटला सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांचा, इथून तासाभराच्या अंतरावरचा. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या, म्हणजे आयईपीच्या, बैठकीत तर दुभाषा मागाच. तुमचं इंग्रजी ऑफिसात कितीही चालत असलं तरी स्वतःच्या मुलाबद्दल वाईट बातमी ऐकताना माणसाला आपलीच भाषा लागते. आणि मुलाला दुभाषा करू नका. एकदा सहावीतली मुलगी धाकट्या भावाच्या बोलण्यातल्या अडचणीचा रिपोर्ट आईला समजावून सांगत होती. मध्येच ती थांबली आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, 'हे मी तिला नाही सांगणार.' त्यानंतर आमच्या शाळेत तो प्रकार बंद झाला.

वेळेचं म्हणाल तर संध्याकाळी सहाची मीटिंग ही कोणाच्या सोयीची असते? ज्याचं काम पाचला संपतं त्याच्या. हॉटेलात भांडी घासणारी आई तेव्हा कामावर निघत असते. पोर घरी ठेवायला कोणी नसतं. आम्ही सकाळी शाळेच्या फाटकाशी टेबल टाकायला लागलो, मुलं सोडायची ती वीस मिनिटं. खायला द्यायचं, मुलं सांभाळायला माणूस ठेवायचा. गरीब मुलांसाठी केंद्राकडून येणारा टायटल वनचा निधी पाच लाख डॉलरहून जास्त असलेल्या डिस्ट्रिक्टला त्यातला निदान 1 टक्का पालकांच्या सहभागासाठी बाजूला काढावाच लागतो, आणि त्यातले 90 टक्के शाळांकडे जायला हवेत. म्हणजे ती मुलं सांभाळणारी ताई आणि टेबलावरचे ब्रेड-पेस्ट्री यांना पैसे आहेत. 'बजेट नाही' असं उत्तर आलं तर हा आकडा हळूच सांगावा.

याहून पुढची पायरी सॅक्रामेंटोत 1998 च्या सुमारास सुरू झाली: शिक्षकांनीच घरी जायचं. दोघांनी मिळून, आधी विचारून, त्या वेळेचे पैसे घेऊन, आणि फक्त खोडकर मुलांच्या घरी असं नाही. पहिल्या भेटीत मार्कांचा विषय काढायचा नाही. तुमच्या मुलीनं काय व्हावं असं तुम्हाला वाटतं, एवढंच विचारायचं. आपल्याकडे गुरुजी घरी येणं म्हणजे काहीतरी भानगड, त्यामुळे मराठी घरांत पहिली पाच मिनिटं सगळे ताठ बसलेले असायचे. पोहे आले की सुटायचे.

आता थोडं आपल्या लोकांना. मल्टिकल्चरल नाइट मला आवडते, मी लेझीमही बसवलंय. पण समोसे वाटले आणि मुलं नाचली म्हणजे डिस्ट्रिक्टशी नातं जुळलं असं समजू नका. त्या रात्री कोणी कोणाला काही विचारत नाही. दिवाळीच्या सुट्टीची मागणी त्यातल्या त्यात ठोस असते. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची सुट्टी 2023 च्या कायद्याने मिळाली, पहिली सुट्टी 2024 मध्ये झाली. कॅलिफोर्नियातही 2025 मध्ये दिवाळीच्या सुट्टीचा कायदा झाला. ती वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्याशिवाय मिळत नाही. मात्र 'भारतीय समाज' या नावाने कोण बोलतंय हे बघत जा. एका वर्षी आमच्या दिवाळीच्या तयारीत नागपूरकडचं एक बौद्ध कुटुंब आलं. आईंनी विचारलं, 'एप्रिलमध्ये 14 तारखेला वाचनालयात बाबासाहेबांवरची दोन पुस्तकं मांडली तर चालेल का?' खोलीतली निम्मी माणसं फोनमध्ये बघायला लागली. प्रिन्सिपलला त्यातलं काहीच कळलं नाही, तिने सरळ 'हो, का नाही?' म्हटलं. पुस्तकं मांडली गेली. कधी कधी बाहेरच्या माणसाचं अज्ञान उपयोगी पडतं.

बोर्डाच्या सभेबद्दल सगळ्यांचाच गैरसमज असतो. गणिताच्या वरच्या वर्गात मुलांना कसं घालायचं यावरून आमच्याकडे वाद पेटला, आणि आपले व चिनी पालक प्रथमच मोठ्या संख्येने आले. एक गृहस्थ, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी माइकसमोर उभे, तीन मिनिटं छान बोलले. हिरवा दिवा, पिवळा, लाल. पाचही सदस्य दगडासारखे बसलेले, 'थँक यू' म्हणून पुढचं नाव पुकारलं. बाहेर येऊन ते थरथरत होते: 'कुत्र्यासारखं वागवलं.' त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं की 1953 च्या ब्राउन अ‍ॅक्टनुसार नेहमीच्या सभेचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो, आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर बोर्डाला चर्चा किंवा निर्णय करता येत नाही. सदस्य गप्प बसतात ते कायद्याच्या धाकाने. उत्तर हवं असेल तर विषय अजेंड्यावर असलेल्या दिवशी बोला, किंवा सदस्याला आधी ईमेल करून भेटा. भेटतात. आणखी एक: दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला दुप्पट वेळ मिळतो. आजींना बोलायचं असेल तर त्यांनी मराठीतच बोलावं, तुम्ही शेजारी उभं राहून सांगा. तीनाची सहा मिनिटं होतात, आणि सभागृहात सगळ्यांच्या माना वर होतात.

एच-वन व्हिसावर असल्यामुळे मतदानाचा हक्क नाही, मग आपली किंमत काय, असंही तुम्ही विचारलंय. बोर्डाच्या निवडणुकीत नाही, खरं आहे. सॅन फ्रान्सिस्कोने 2016 च्या मतदानात अपवाद केला, तिथे नागरिक नसलेले पालकही शाळा बोर्डासाठी मत देऊ शकतात. बाकी बहुतेक ठिकाणी नाही. पण ई-लॅक, पीटीए (पालक-शिक्षक संघ) आणि शाळेची साइट कौन्सिल यांना नागरिकत्व लागत नाही. साइट कौन्सिल हे तर फार दुर्लक्षित प्रकरण आहे. शाळेचा वार्षिक आराखडा आणि त्यातला खर्च ती मंजूर करते, निम्म्या जागा शाळेतल्या माणसांच्या, निम्म्या पालकांच्या. आमच्याकडे बहुतेक वर्षी पालकांच्या जागांसाठी उमेदवार मिळता मिळत नसत.

एक कडू गोष्ट राहिली. डिसेंबर-जानेवारीत आपण महिना-दीड महिना भारतात जातो. इथे शाळेला पैसे रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतात, नुसत्या पटावर नाही. न सांगता गेलात की शाळा पैशाला मुकते आणि गैरहजेरीची पत्रं तुमच्या बंद घराच्या पेटीत साचतात. आधी सांगितलं तर बऱ्याच शाळा इंडिपेंडंट स्टडीचा करार करून देतात, मूल भारतात बसून अभ्यास करतं, हजेरी लागते. तिकिटं काढलीत त्याच आठवड्यात ऑफिसात जा.

2025 च्या सुरुवातीला केंद्राने शाळांसारख्या जागी इमिग्रेशनच्या कारवाया टाळण्याचं जुनं धोरण मागे घेतलं, आणि आमच्या फाटकावरचं टेबल रिकामं पडलं. कॅलिफोर्नियाचा 2017 चा कायदा शाळांना अशा कारवाईत मदत करण्यापासून रोखतो, आणि इमिग्रेशनचे कागद नसलेल्या मुलाचाही शिकण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या प्लायलर निकालाने केव्हाच मान्य झालेला आहे. हे सगळं आम्ही सहा भाषांत छापून वाटलं. कागद कोणी हातात घेईना. मग ग्वाटेमालातल्या एका आईने स्वतःच्या फोनवर आवाज रेकॉर्ड करून बाकीच्या आयांना पाठवला, मी उद्या येतेय, तुम्हीही या. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतरही माझ्या छापील पत्रकापेक्षा तिचा आवाज जास्त चालला, हे मला आधी कळायला हवं होतं.

तेव्हा तुम्ही आत्ता काय करायचं? होम लँग्वेज सर्व्हेबद्दल ऑफिसात जाऊन खरं सांगा. मुलीची चाचणी झालेली नाही, तर तो फॉर्म दुरुस्त करता येतो. ई-लॅकची पुढची तारीख विचारा, तिचाही अजेंडा 72 तास आधी शाळेत लावलेला असतो, सहसा ऑफिसच्या काचेवर, आतल्या बाजूने, वाकून वाचावा लागेल असा. पहिल्या मीटिंगला नुसतं ऐका. दुसऱ्या मीटिंगला मिनिमम डेचा निरोप मराठीत कसा येतो ते फोनवर उघडून दाखवा. आणि सासूबाई मार्चपर्यंत इथे आहेत म्हणालात ना, त्यांना घेऊन जा. खुर्च्या लहान असतात, त्यांच्यासाठी ऑफिसातून एक मोठी मागून घ्या.